त्याच जागी पुन्हा: काजूच्या चिकाने धरलेला हात

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका काकूंनी जूनच्या सुरुवातीला काजू कारखान्यातलं काम सोडलं. चतुर्थीपर्यंत त्यांचा हात दिसायला अगदी स्वच्छ झाला होता. पुढच्या एप्रिलअखेर त्यांनी लोणच्याच्या कैऱ्या चिरल्या आणि दुसऱ्या दिवशी रात्री उजव्या हाताची चिमूट पुन्हा तशीच सुजली, तशीच पाणी धरून फुटली. मधल्या काळात काजूच्या बीला त्यांचा हातसुद्धा लागला नव्हता. जागा मात्र तीच होती: अंगठ्याच्या पेराची आतली कड, तर्जनीची अंगठ्याकडची कड आणि मधल्या बोटाचं टोक. कैरीचा चीक दोन्ही तळहातांना लागला होता. डाव्या हाताला तर जास्तच लागला असणार, कारण कैरी डाव्या हातात धरलेली. तरी आधी उठली ती उजवी चिमूट.

"काम सोडलंय, बियेक हात लावूक नाय, तरी ह्यां थंयच कसां उठता?" असं त्यांनी विचारलं. हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहीत आहे. माझं म्हणणं असं आहे की बऱ्या दिसणाऱ्या कातडीत दोन वेगळ्या जातींच्या पेशी मागच्या दाहाची आठवण धरून राहतात, आणि त्या दोघींचा बंदोबस्त एकाच मलमाने होत नाही. काकूंच्या संमतीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

हाताचं काम

काजू पोर्तुगिजांबरोबर सोळाव्या शतकात ब्राझीलहून आपल्या किनाऱ्यावर आला आणि कोकणातल्या कातळावर, डोंगरउतारावर असा रुजला की आता तो परका वाटत नाही. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काढलेल्या कलमांनी तर बागाच्या बागा उभ्या राहिल्या. पण बागेतल्या बीपासून डब्यातल्या गरापर्यंतचा रस्ता बहुतेक बायकांच्या बोटांतून जातो, आणि त्यातला सर्वांत वाईट टप्पा टरफल फोडण्याचा.

कारखान्यात बी वाफवतात, वाळू देतात आणि मग कटरवर घेतात. पायाने दाबायच्या कटरवर एक बाई चिमटीत बी धरून पात्यामध्ये ठेवते आणि पाय दाबते, टरफल दुभंगतं, समोरची बाई टोकदार सुईने गर सोडवते. टरफलाच्या दोन पापुद्र्यांमध्ये मधमाशीच्या पोळ्यासारखा पोकळ थर असतो आणि त्यात तपकिरी, चिकट तेल भरलेलं असतं. वाफवलेल्या बीत ते बरंचसं तसंच राहतं आणि पातं बसलं की बाहेर येतं. बायका कामाला बसताना हाताला खोबरेल लावतात, वर राख चोळतात. त्याने थोडा आडोसा मिळतो, पण दिवस संपेपर्यंत बोटांच्या पेरांवर काळा थर चढतोच. तो साबणाने जात नाही, कातडी सोलेल तेव्हाच जातो.

काकू उजव्या हाताने बी धरत. दहाबारा वर्षं हेच काम. पहिली काही वर्षं नुसती जळजळ व्हायची, जी सगळ्यांनाच होते. मग एका मार्चमध्ये, हंगामाच्या तोंडाला, खाज सुरू झाली, आणि ती जळजळीपेक्षा वेगळी होती. सकाळी काम केलं तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी खाज यायची. बारीक पाण्याचे फोड, मग खपली, मग कातडी जाड होऊन भेगा. घरच्यांनी नायटा म्हणून मेडिकलमधून ट्यूब आणली.

त्या ट्यूबबद्दल दोन वाक्यं लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि तीव्र स्टिरॉइड एकत्र घातलेल्या या ट्यूब आपल्याकडे गोळ्या-बिस्किटांसारख्या विकल्या जातात. सरकारने २०१८ साली कातडीला लावायची स्टिरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा बदल केला, तरी किनाऱ्यावरच्या गावागावांत ती सहज मिळतात. काकूंचा हात चार दिवस लावलं की निवळायचा, सोडलं की दुप्पट उठायचा. त्या अनेक वर्षं याच चक्रात होत्या. माझ्याकडे आल्या तेव्हा जुन्या जागांमध्ये जाड कातडी होती आणि भोवती स्टिरॉइडने पातळ झालेली, चकाकणारी कातडी होती.

तपासणी

पहिल्यांदा कातडी खरवडून पोटॅशच्या द्रावणात सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. बुरशी नव्हती. मग कशाची ॲलर्जी आहे ते पाहणाऱ्या पॅच टेस्टसाठी त्यांना एका वैद्यकीय महाविद्यालयात पाठवलं. तिथे भारतीय मानक मालिकेतले, म्हणजे नेहमी ॲलर्जी करणाऱ्या वस्तूंच्या ठरलेल्या यादीतले पदार्थ, शिवाय टरफलाचं तेल आणि आंब्याच्या सालीचा अर्क, हे दोन्ही खूप पातळ करून, पाठीवर बारीक चकत्यांखाली चिकटवले. टरफलाचं तेल कधीही नितळ लावायचं नसतं. ते कोणाचीही कातडी जाळतं, आणि न झालेली ॲलर्जीही करू शकतं. दोन दिवस पाठ ओली करायची नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. कोकणातल्या दमट हवेत ही अट पाळणं म्हणजे तपश्चर्याच, पण काकूंनी ती पाळली.

अठ्ठेचाळीस तासांनी टरफलाच्या तेलाची चकती लाल आणि फुगीर होती. चौथ्या दिवशी तिथे फोड होते. आंब्याच्या सालीची चकतीही उठली, थोडी कमी. रबरातली रसायनं मात्र शांत होती. हा शेवटचा निकाल पुढे फार कामाला आला, कारण हातमोजे सुचवायचे असतील तर रबराची ॲलर्जी नाही हे आधी कळायला हवं.

काजूच्या बीला हात न लावता कैरीने हात का उठला, याचं अर्धं उत्तर इथे आहे. काजू, आंबा आणि बिब्बा ही तिन्ही झाडं एकाच कुळातली. टरफलाच्या तेलातला कार्डॉल, बिब्ब्यातली द्रव्यं आणि आंब्याच्या देठाकडच्या चिकातलं रेसॉर्सिनॉल यांची घडण जवळजवळ सारखी असते: एक फिनॉलचं कडं आणि त्याला जोडलेली कार्बनची लांब साखळी. शरीर एकाला ओळखायला शिकलं की दुसऱ्यालाही तेच समजतं. बिब्बा उतलेल्या माणसाने काजूच्या टरफलाशी जपून राहावं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतंच.

उरलेलं अर्धं उत्तर मात्र रसायनात नाही. दोन्ही हात चिकात असताना जुनीच जागा आधी का पेटली, हे रसायन सांगू शकत नाही.

मध्ये घडलेली एक गोष्ट

काकूंनी कैरीच्या आधीची एक हकीकत ओघात सांगितली होती, आणि या प्रकरणाचा उलगडा खरं तर तिच्यातून झाला. दिवाळीच्या साफसफाईत त्यांनी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात गोधड्या भिजवल्या. सोबत जाऊबाई होत्या. दोघींचे हात एकाच बादलीत. जाऊबाईंना काही झालं नाही. काकूंची चिमूट तासाभरात चुरचुरायला लागली आणि संध्याकाळी लाल झाली. फोड आले नाहीत, खाज जवळजवळ नव्हती, आणि तीनचार दिवसांत सगळं बसलं.

कैरीच्या वेळी असं झालं नव्हतं. तेव्हा दीड दिवस काहीच नाही, मग जोराची खाज, मग फोड. जुन्या जागा आधी; एकदोन दिवसांनी डाव्या तळहातावर आणि मनगटावर नव्या जागाही, पण सौम्य.

दोन्ही वेळा जागा तीच आणि माणूसही तोच, पण वागणूक दोन तऱ्हांची. सोड्याची ॲलर्जी होत नाही. तो कातडीला थेट त्रास देतो. मग ॲलर्जी ओळखणाऱ्या पेशींना तिथे ओळखण्यासारखं काही नव्हतंच. तरीही चिमूटच उठली. याचा अर्थ त्या जागेच्या कातडीत स्वतःमध्येच काहीतरी बदल झालेला होता.

मुक्कामाला राहिलेल्या टी पेशी

आधी कैरीची गोष्ट, कारण ती जास्त जुनी आणि जास्त पक्की आहे.

टरफलाच्या तेलातले रेणू इतके लहान असतात की अखंड कातडीतूनही आत जातात. आत गेल्यावर ते शरीराच्याच प्रथिनांना चिकटतात आणि ती प्रथिनं परकी दिसायला लागतात. बाह्यत्वचेत फांद्या पसरून बसलेल्या लँगरहॅन्स पेशी, ज्या पाउल लँगरहॅन्स यांनी १८६८ मध्ये विद्यार्थीदशेतच पाहिल्या, हा माल उचलून काखेतल्या गाठींपर्यंत नेतात आणि टी पेशींना, म्हणजे परकं काय ते ओळखून लक्षात ठेवणाऱ्या पांढऱ्या पेशींना, दाखवतात. बिब्ब्याच्या कुळातल्याच पॉयझन आयव्ही या अमेरिकेतल्या वेलीच्या तेलावर २०१६ मध्ये झालेल्या कामात असं दिसलं की लँगरहॅन्स पेशींवरचा सीडी१ए नावाचा रेणू हे तेलकट रेणू थेट टी पेशींपुढे धरू शकतो. पहिल्यांदा हे शिकायला आठदहा दिवस तरी लागतात, आणि माणसाला त्याचा पत्ताही नसतो. पुढच्या वेळी मात्र एकदोन दिवसांत प्रतिसाद येतो. रक्तगट शोधणारे कार्ल लँडस्टायनर आणि मेरिल चेस यांनी १९४२ मध्ये दाखवलं की ही संवेदनशीलता एका गिनीपिगमधून दुसऱ्यात न्यायची तर रक्तातला पाणीदार भाग पुरत नाही, पेशीच न्याव्या लागतात.

एवढ्यावरून संपूर्ण शरीर संवेदनशील का होतं हे कळतं, एकच जागा जास्त संवेदनशील का होते हे कळत नाही. त्याचं उत्तर गेल्या वीस वर्षांत मिळालं. २००६ मध्ये बोस्टनमधल्या रेचेल क्लार्क आणि सहकाऱ्यांनी मोजलं की प्रौढ माणसाच्या कातडीत सुमारे २००० कोटी टी पेशी असतात, म्हणजे रक्तात फिरणाऱ्यांच्या जवळजवळ दुप्पट. त्यातल्या बऱ्याच पुन्हा रक्तात जातच नाहीत. दाह ओसरल्यावर काही टी पेशी त्या जागेच्या बाह्यत्वचेतच राहतात, सीडी६९ आणि सीडी१०३ हे रेणू अंगावर बाळगून, आणि वर्षानुवर्षं तिथून हलत नाहीत. एकाच गोळीने दर वेळी ओठावरचा तोच डाग उठतो, तो आजार याच पेशींचा.

आणि त्यांना तिथे ठेवतं कोण? बाह्यत्वचेच्याच पेशी. त्या टीजीएफ-बीटा नावाचं द्रव्य जागं करतात, त्याच्याविना या टी पेशी बाह्यत्वचेत टिकत नाहीत. इंटरल्युकिन-१५ पुरवतात (इंटरल्युकिन म्हणजे पेशींनी एकमेकींना पाठवायची संदेशद्रव्यं), त्यावर त्या जगतात. म्हणजे कातडी जिचा त्रास सोसते, तिला सांभाळतेही. शरीराच्या दृष्टीने यात शहाणपण आहे: ज्या जागी एकदा विषाणू आला त्या जागी पहारा राहावा. काजूच्या तेलाच्या बाबतीत मात्र हा पहारा कातडीवरच उलटतो.

एरवी या पेशी शांत असतात, कारण त्यांच्या अंगावर पीडी-१ आणि टिम-३ सारखे लगाम असतात. संपर्कजन्य त्वचादाहात हे लगाम खरोखर काम करतात असं २०१९ मधल्या एका अभ्यासात दिसलं. ते सुटले की दाह वाढतो. भोवती नियामक टी पेशीही असतात, ज्या दाहाला आवर घालतात. काकूंचा हात चतुर्थीपासून स्वच्छ दिसत होता तो पेशी निघून गेल्यामुळे नव्हे. त्या तिथेच होत्या, आवरलेल्या.

स्टिरॉइड मलम या पेशींना गप्प करतं, हुसकावून लावत नाही. आज आपल्या हातात असलेलं कुठलंच मलम त्यांना तिथून काढत नाही. म्हणून दुकानातल्या ट्यूबने काकूंना वर्षानुवर्षं तात्पुरता आराम दिला आणि एकदाही बरं केलं नाही.

मूलपेशींची आठवण

आता सोड्याच्या बादलीकडे येतो.

तळहाताला केस नसतात, म्हणून इथे केसांच्या मुळाशी राहणाऱ्या मूलपेशींचा प्रश्न येत नाही. बाह्यत्वचेच्या तळाच्या थरात, घामाच्या नलिकांच्या आसपास, ज्या मूलपेशी असतात त्यांच्यातूनच रोजची कातडी घडते. वरच्या पेशी काही आठवड्यांत झडून जातात, त्यामुळे आपण समजतो की महिन्या-दोन महिन्यांत कातडी पूर्ण नवी झाली. वरची होते. तळाच्या मूलपेशी त्याच राहतात, आणि त्यांनी दाह पाहिलेला असतो.

२०१७ मध्ये न्यू यॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात इलेन फुक्स यांच्या प्रयोगशाळेत श्रुती नाईक आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या कातडीवर एक मलम लावून सोरायसिससारखा दाह उठवला, तो पूर्ण शमू दिला, आणि नंतर तिथेच जखम केली. आधी दाह होऊन गेलेली कातडी साध्या कातडीपेक्षा सुमारे अडीचपट वेगाने भरून आली. हा फरक १८० दिवसांनीही टिकून होता. टी पेशी आणि भक्षक पेशी बाजूला ठेवूनही तो दिसला. आठवण खुद्द मूलपेशींच्या आत होती.

ती कशी साठते तेही त्यांनी दाखवलं. मूलपेशीच्या केंद्रकात डीएनए गुंडाळलेला असतो. दाहाच्या वेळी काही जागा उघडतात, म्हणजे तिथले जनुक वाचता येतात. दाह संपल्यावर जनुक वाचणं थांबतं, पण उघडलेल्या जागा पुन्हा घट्ट मिटत नाहीत. पावसाळ्यात गवत वाढून पायवाट दिसेनाशी होते, पण पहिलं पाऊल पडताच ती सापडते, तसं. पुढचा ताण आला की एआयएम-२ सारखे जनुक नेहमीपेक्षा लवकर आणि जास्त जोरात चालू होतात, आणि त्यातून इंटरल्युकिन-१ बीटा बाहेर पडतं. २०२१ मध्ये त्याच प्रयोगशाळेने पुढचा भाग उलगडला: स्टॅट-३ आणि फॉस ही प्रथिनं मिळून या जागा पहिल्यांदा उघडतात, दाह ओसरला की ती निघून जातात, पण जुन आणि काही सोबती मागे राहून जागा उघडी ठेवतात. पुढच्या वेळी कुठलाही ताण आला की फॉस परत येतं आणि काम लगेच सुरू होतं.

इथे "कुठलाही" हा शब्द महत्त्वाचा. टी पेशींची आठवण नेमकी असते. त्या काजूचं तेल ओळखतात, फार तर त्याच्या भावंडांना. मूलपेशींची आठवण अशी चोखंदळ नसते. पहिला दाह एका कारणाने झालेला असला तरी दुसऱ्या वेळी जखम, साबण, सोडा, घासणं, काहीही पुरतं. काकूंच्या चिमटीची सोड्याला आलेली चुरचूर मला या दुसऱ्या आठवणीची वाटते. काकूंच्या मूलपेशी कोणी काढून तपासल्या नाहीत आणि उंदराच्या पाठीवरचं माणसाच्या बोटावर जसंच्या तसं लागू होत नाही. हा माझा तर्क आजाराच्या वागणुकीवर उभा आहे. पण माणसातही असा पुरावा आहे: २०१८ मध्ये नाकातल्या पॉलिपच्या, म्हणजे मऊ गाठीसारख्या वाढीच्या, रुग्णांवर झालेल्या कामात श्वासमार्गाच्या तळाच्या मूलपेशींमध्ये ॲलर्जीच्या द्रव्यांची अशीच आठवण सापडली.

उंदरात या आठवणीने जखम लवकर भरली, म्हणजे ती मुळात उपकारक आहे. रोज नवा मार खाणाऱ्या हातात मात्र तीच त्रासाची होऊन बसते.

दोघींचं साटंलोटं

हे दोन्ही प्रकार एकमेकांना धरून चालतात, आणि जुनाट दाह जुनाट का राहतो ते इथे दिसतं. मुक्कामी टी पेशी जाग्या झाल्या की इंटरल्युकिन-२२ सोडतात. ते तळाच्या पेशींना भराभर वाढायला लावतं. कातडी जाड होते, पण नीट पिकत नाही, म्हणून वाकवली की भेगा पडतात. इंटरल्युकिन-४ आणि १३ फिलॅग्रिन नावाचं प्रथिन कमी करतात, ज्याच्या जोरावर वरचा थर पाणी धरून ठेवतो. थर गळका झाला की साबणही आत जातो आणि चीकही. ताणात आलेल्या कातडीच्या पेशी मग इंटरल्युकिन-१, ३३ आणि आणखी संदेश बाहेर पाठवतात, आणि ते ऐकून टी पेशी पुन्हा जाग्या होतात. लँगरहॅन्स पेशीही बाहेरून येत नाहीत. २००२ मध्ये मिरियम मेराद यांनी दाखवलं की त्या एरवी कातडीतच आपली पुढची पिढी तयार करतात. एकंदर त्या बोटभर जागेत सगळं बिऱ्हाड कायमचं वस्तीला असतं आणि बाहेरून कारण मिळेपर्यंत थांबतं.

काकूंना मी हे सगळं असं सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच: या जागेला काजू ओळखता येतो आणि शिवाय ती हळवी झालेली आहे, काजू टाळल्याने पहिल्याचं काम होईल, दुसऱ्यासाठी वर्षभर हात जपावा लागेल.

उपचार

दुकानातली ट्यूब बंद. तीव्र स्टिरॉइड मलम दोन आठवडे रोज रात्री, फक्त जुन्या जागांवर, मग सौम्य मलमावर उतरलो. नेहमीच्या पद्धतीत इथे थांबतात. आम्ही थांबलो नाही. कातडी दिसायला स्वच्छ झाल्यावरही आठवड्यातून दोन रात्री जुन्या जागांवर मलम चालू ठेवलं, आणि मधल्या दिवसांत टॅक्रोलिमस हे स्टिरॉइड नसलेलं मलम, कारण ते टी पेशींना आवरतं आणि कातडी पातळ करत नाही. दिवसातून जमेल तितक्या वेळा पेट्रोलियम जेली. भांडी, धुणं, मासळी धुणं हे सगळं सहा महिने हातमोज्यात. आतून सुती, वरून नायट्राइल हे कृत्रिम रबर. साध्या रबराच्या मोज्यातून असलं तेल पाझरतं, नायट्राइल त्याला जास्त टिकतं.

सहा महिने का, असं काकूंच्या मुलाने विचारलं. उंदरातले १८० दिवस माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे त्यालाही सांगितलं. पण हाताच्या कातडीचा अडसर वरून बरा दिसल्यावरही काही महिने कच्चाच असतो, हे व्यवसायजन्य त्वचारोगांत नेहमी दिसतं. तो पक्का होईपर्यंत मूलपेशींना नवा ताण द्यायचा नाही, एवढा हिशेब.

याच सुमारास मुंबईतल्या भाच्याने मोबाईलवर एक जाहिरात पाठवली: मूलपेशींचं इंजेक्शन, जुनाट कातडीरोग कायमचा बरा. कुटुंब दागिना मोडायच्या विचारात होतं. मी त्यांना स्पष्ट नाही म्हटलं, आणि इथेही स्पष्ट लिहितो. चरबीतून किंवा अस्थिमज्जेतून काढलेल्या ज्या पेशी असल्या ठिकाणी टोचतात त्या प्रयोगशाळेत टी पेशींना आवरतात हे खरं. त्यांना मूलपेशी हे नाव १९९१ मध्ये ज्यांनी रूढ केलं ते आर्नोल्ड कॅप्लान स्वतः २०१७ मध्ये म्हणाले की हे नाव बदला, कारण त्या नवी ऊती घडवत नाहीत, संदेश सोडतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार रक्ताच्या ठरावीक आजारांतलं रक्तमूलपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर मूलपेशींचा वापर मंजूर चाचणीबाहेर करता येत नाही, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घ्यायचे नसतात. इंजेक्शनचे पैसे मागितले जात असतील, तर तिथेच पाऊल थांबवावं. काकूंच्या बोटात आधीच त्यांच्या स्वतःच्या मूलपेशी आहेत, आणि अडचण त्यांच्या संख्येची नाही, आठवणीची आहे.

खाण्याचा प्रश्न त्यांनी लाजत लाजत विचारला. "मगे काजूगर खावचे नाय काय?" नीट भाजून सोललेला गर खायला हरकत नाही, त्यात टरफलाचं तेल नसतं. टरफलाचे तुकडे राहिले तर मात्र घात होतो. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्वेनियात तसे काजू खाऊन ५४ जणांच्या अंगावर पुरळ उठलं होतं. ओले काजूगर त्यांनी सोलायचे नाहीत, दुसऱ्याने सोलून धुऊन दिले तर उसळ खुशाल खावी. आंबा देठाकडून कापून, साल काढून कोणीतरी हातात द्यावा. होडीला लावायच्या टरफलाच्या तेलापासूनही लांब राहायचं. दीर होडी ओढून काढतात तेव्हा काकू मदतीला जात असत.

पुढच्या मे महिन्यात हात एकदा किंचित लालसर झाला, लग्नघरातल्या भांड्यांनंतर. फोड आले नाहीत, मलमाच्या दोन रात्रींत बसला. जाड कातडी जवळजवळ गेली आहे. तर्जनीच्या कडेला एक भेग अजून थंडीत उघडते.

काम आणि सून

काकू आता त्याच कारखान्यात प्रतवारीच्या टेबलावर बसतात. तिथे गर कोरडा आणि सोललेला असतो. मजुरी कटरपेक्षा कमी पडते, कारण कटरवर किलोवर पैसे मिळतात. संपर्कजन्य त्वचादाह २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम १९४८ च्या तिसऱ्या अनुसूचीत सरकारला कळवायचा आजार म्हणून होता, पण ज्या छोट्या शेडमध्ये पाचसहा कटर चालतात त्या बहुतेक असल्या कायद्याच्या बाहेरच राहतात. त्यामुळे जे करायचं ते मालकाशी समजुतीने. या मालकांनी ऐकून घेतलं.

काकूंच्या जागी कटरवर आता त्यांची सून बसते. तिचा हात अजून काजूला ओळखत नाही, आणि सगळा भर त्यावरच आहे, कारण एकदा ओळख झाली की ती पुसता येत नाही. हातमोज्यांना सुरुवातीला तिचा विरोध होता. "बी हातातसून निसटता," ती म्हणाली, आणि किलोवर मजुरी असताना निसटलेली बी म्हणजे कमी झालेले पैसे. जाड मोजे बाजूला ठेवून पातळ नायट्राइलचे, बोटांच्या टोकाला खरबरीत असलेले आणले. ते कटरवर चालले. समोर सुईने गर काढणाऱ्या बायकांना ते अजून जमत नाहीत. सुई मोज्याला भोक पाडते आणि भोकातून आत गेलेलं तेल घामाबरोबर तिथेच मुरतं, म्हणजे मोजा नसण्याहून वाईट. त्यांच्यासाठी तूर्तास खोबरेल, राख, आणि कामाच्या मधल्या दर सुट्टीत आधी तेलाने मग साबणाने हात पुसणं इतकंच ठरलं आहे.

सुनेच्या बोटांच्या कडा महिन्याला एकदा पाहतो. बोटं कोरी आहेत. मोज्याच्या काठाखाली मनगटावर मात्र गेल्या खेपेला तेलाचा तपकिरी पट्टा दिसला, म्हणून लांब काठाचे मोजे मागवले आहेत.